म्हाताऱ्याची जीभ

"अजून आंबटच आहेत!" म्हाताऱ्याने द्राक्षाचं साल थुंकलं. "दोन दिवस थांबा."

तळ्याकाठच्या उतारावर कात्र्या घेऊन उभी असलेली माणसं मुकाट्याने खाली बसली. पांढऱ्या वाइनची द्राक्षं केव्हा उतरवायची, हे गेली चाळीस वर्षं त्याची जीभच ठरवत आली होती. ती एकदा बोलली की काळ्या दगडावरची रेघ.

सुनेचा जीव मात्र टांगणीला लागला. थांबण्याचा हा तिसरा हुकूम. मणी पिवळे पडू लागले होते, बिया तपकिरी झाल्या होत्या. पांढऱ्या वाइनला थोडा आंबटपणा हवाच. द्राक्षं जास्त पिकून तो गेला की वर्षभराची मेहनत पाण्यात.

"मामंजी, मला तर चांगली गोड लागतात."

"सूनबाई, काल आलीस आणि मला द्राक्षं शिकवतेस?"

"बारा वर्षं झाली मला येऊन!"

"म्हणजे कालच की!"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण चडफडत. तेवढ्यात खांबाला टांगलेल्या त्याच्या कोटाकडे तिचं लक्ष गेलं. मुंग्यांची रांग खांब चढून थेट खिशात शिरत होती. तिने खिसा चाचपला. साखरेचे खडे! डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, सासूबाईंनी साखरेच्या डब्याला कुलूप घातलेलं, आणि हा पठ्ठ्या साखर चघळत द्राक्षं चाखत होता. मग आंबट लागणार नाहीत तर काय!

चारचौघांत बोलावं, तर चाळीस वर्षांचा मान धुळीला मिळणार. तिला ते करवेना. खडे तिने तळ्यात भिरकावले आणि पाण्याची बाटली घेऊन ती त्याच्या कानाशी लागली.

"मामंजी, खिशाला मुंग्या लागल्यात. आधी चूळ भरा, मग चाखा."

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. त्याने खळखळून चूळ भरली, एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अरे, बसलात काय नुसते? उतरवा! आजच्या आज!"

दिवस कलला तेव्हा शेवटची पाटी तळघरात गेली. सासूबाई कोट झटकत अंगणात आल्या.

"अहो, तुमच्या खिशात एवढ्या मुंग्या कशा?"

म्हातारा हळूच सुनेच्या पाठीमागे सरकला.

"द्राक्षाचा रस सांडला असेल," सून म्हणाली.

"अगंबाई! म्हणजे यंदा चांगलीच गोड झालीत म्हणायची."

"मग?" म्हाताऱ्याला लगेच कंठ फुटला. "सकाळपासून मी दुसरं काय सांगत होतो?"