खाडीवरचा तांबडा धागा

मित्रांनो, बाहेरच्या उजेडातून या कोठारात आलात की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. जरा थांबा. आधी धुराचा, ज्युनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या पाल्याचा आणि भाजलेल्या सातूचा वास येईल. मग तुळईखाली लोंबणारी एक लाकडी माळ दिसेल. ती माळ ज्याच्यावर विसंबून लोंबते आहे, तो मी. मी एक जुना, तांबड्या लोकरीचा धागा आहे. आता माझा रंग विटून विटेसारखा झाला आहे आणि अंगावर ठिकठिकाणी टाचण्यांच्या खुणा आहेत. एके काळी मी तीन देशांची वाटणी करत होतो असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल.

माझा जन्म नॉर्वेतल्या या खाडीच्या पलीकडच्या काठावर, लीनवीक नावाच्या वाडीत झाला. ज्या मेंढीची मी लोकर, ती उन्हाळाभर डोंगरमाथ्यावर चरत असे आणि ढग तिच्या पायांखालून जात. मला ते आठवते असे म्हणणे खोटे होईल, पण अजूनही धुके पडले की माझा पीळ सैल होतो आणि उगाचच उंचावर असल्यासारखे वाटते. मला कातले, तांबड्या मुळ्यांच्या काढ्यात उकळले आणि वाळायला एका कोठारात टांगले. तिथे माझ्या शेजारी लाकडाच्या लहान लहान तुकड्यांची, एकात एक अडकवलेली माळ होती. तिच्यावर पिवळसर खपल्या धरलेल्या होत्या. पाळण्याजवळून जाताना माणसे जसा आवाज खाली आणतात, तसा त्या घरातली माणसे तिच्याजवळून जाताना आणत.

ते बिअरचे विरजण होते. तुमच्याकडे दुधाला विरजण लावतात, तसे तिकडे सातूच्या गोड पाण्याला हे लावतात. बिअर फसफसू लागली की माळ फेसात बुडवायची, वाळवायची, टांगायची. पुढच्या खेपेला पुन्हा तीच माळ. कोणाचे विरजण मेले तर त्याने शेजाऱ्याकडे जावे आणि शेजाऱ्याने नाही म्हणू नये, अशी रीत. वाऱ्याने माळ हले, लाकडावर लाकूड वाजे, आणि तो आवाज ऐकत ऐकत मी वाळलो.

एका जत्रेच्या दिवशी फेरीबोटीतून मी अलीकडच्या काठावर, होवनेसला आलो. तिथे मार्गित नावाची एक लहान मुलगी होती. तिच्या आईने माझ्या भावंडांचे तिच्यासाठी हातमोजे विणले. ते तिच्याबरोबर शाळेत गेले, बर्फाचे गोळे करून भिजले, चुलीपाशी वाळले आणि झिजून संपले. मी मात्र उरलो. उरलेला गुंडा बिस्किटांच्या डब्यात जातो, तसा मीही गेलो. डब्यातल्या अंधारात मी एकच स्वप्न पाहत असे, की माझाही हातमोजा झाला आहे आणि आत एक उबदार हात आहे.

डबा उघडला तेव्हा मार्गितचे केस पांढरे झाले होते. मधल्या काळात डोंगरातून बोगदा निघाला, मोठा रस्ता आला आणि फेरीबोट बंद पडली. धक्क्यावरची उतारूंची खोली रिकामी झाली. तिथे आता मार्गितचे एक मंडळ भरत असे. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तिन्ही देशांत गावोगावी लहान लहान बिअरघरे निघत होती आणि काही वर्षभरात बंदही पडत होती. कोण कुठे काय बनवते आहे, कोणाचे नीट चालले आहे, कोणाचे बुडाले, याची खबर ठेवणे हा या मंडळींचा आवडता उद्योग. जिथे पूर्वी बोटीचे वेळापत्रक होते त्या भिंतीवर त्यांनी तिन्ही देशांचा भला मोठा नकाशा लावला. चालू बिअरघराला हिरवी टाचणी, बंद पडलेल्याला काळी. पण एवढ्या मुलखावर नजर कोण ठेवणार? म्हणून विभाग पाडायचे ठरले, एका विभागाला एक राखणदार. त्या विभागांच्या सीमांसाठी मार्गितने मला डब्यातून बाहेर काढले.

मंडळाचा अध्यक्ष हालवार. त्याने जन्मभर बस चालवली होती.

"विभाग म्हणजे काय?" तोंडात टाचण्या धरून तो म्हणाला. "सकाळी गाडी काढायची, सगळी बिअरघरं बघायची आणि जेवायला घरी यायचं. तेवढाच विभाग."

"सरकारी जिल्हे आहेत की रे तयार," मार्गित म्हणाली.

"सरकार आज जिल्हे जोडतं, उद्या तोडतं. रस्ता तसाच राहतो."

"आणि खाडी?"

"खाडीतनं बस जात नाही, मार्गित. वळसा घालून पलीकडे जायचं तर अख्खा दिवस मोडतो. तो काठ डोंगरापलीकडच्या माणसाला देऊन टाक."

आणि त्याने मला खाडीच्या मधोमध ताणून टाचले.

त्यानंतरची वर्षे माझ्या वैभवाची. मी स्वीडनच्या जंगलांतून गेलो, डेन्मार्कच्या वाळूवरून गेलो, गोटलंड बेटाला प्रदक्षिणा घातली. त्या बेटाचा राखणदार इतका हौशी, की त्याने एका बेटाचे दोन विभाग केले आणि दोन्ही स्वतःकडेच ठेवले. लांबून लांबून लोक येत, माझ्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "काय सुंदर वाटणी केली आहे!" दुपारचे तिरपे ऊन काचेतून आले की नकाशा हलू लागे. मला वाटे, मी खरोखरच पाण्यावर तरंगतो आहे, माझे एक टोक बर्फात आहे आणि दुसरे टोक कुठल्यातरी उबदार वाळूत.

पण समोरच्या खिडकीतून खराखुरा पलीकडचा काठही दिसे. संध्याकाळी तिकडे दिवे लागत. त्या काठावर मी जन्मलो आणि त्याच काठाची वाट मी अडवून बसलो होतो. नकाशात काठावरच्या वाड्यांची नावे पाण्यावर लिहितात. त्यामुळे लीनवीक हे नाव नेमके माझ्याच अंगाखाली गेले होते. डोंगरापलीकडचा राखणदार तिथवर कधी फिरकला नाही. तिकडे एकही टाचणी लागली नाही. हळूहळू होवनेसची माणसे म्हणू लागली, की पलीकडे आता कोणी काही बनवत नाही. धाग्याला तोंड नसते, मित्रांनो. माझ्यावर धूळ बसत गेली आणि मी गप्प राहिलो.

कार्ना आली ती पानगळ संपताना. होवनेसच्या वरच्या अंगाला आस्लाउगचे शेत आहे, तिची ही सून. डेन्मार्कच्या एका बेटावरून लग्न करून आलेली. ती ओल्या कोटासकट दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी सासूबाईंची माळ धुतली."

"धुतली म्हणजे?" हालवारने विचारले.

"साबणाने. मग उकळत्या पाण्यात घातली. मला वाटलं, किती वर्षांची घाण साठलीय हिच्यावर! सासूबाई पाय मोडून दवाखान्यात होत्या. म्हटलं, येतील तेव्हा कोठार लख्ख दिसू दे."

कोणी गेल्याचे कळल्यावर काढतात तशी हालवारने टोपी काढली.

"खूप ओरडल्या का गं?" मार्गितने तिला खुर्ची दिली.

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याशी बोलतच नाहीत. मीठ हवं असलं तर मुलाला सांगतात, तिला म्हणावं मीठ दे. आणि मी तिथं समोर बसलेली असते!"

"दुकानातलं विरजणाचं पाकीट आणायचंस," हालवार म्हणाला.

"आणलं होतं. त्यांनी वास घेतला आणि कोंबड्यांपुढे टाकलं." ती हसायला गेली, पण तिचे डोळे भरून आले. "नाताळची बिअर त्या घरात कधी चुकलेली नाही. यंदा माझ्यामुळे चुकणार. मी ठरवलंय, नाताळाआधी माहेरी जायचं. आणि एकदा गेले की मग परत कुठल्या तोंडाने येऊ?"

मार्गितने तिला कॉफी पाजली आणि आपल्या विभागातल्या एकेका माणसाला फोन लावायला सुरुवात केली. सगळे भले लोक. पण कोणी पाकीट वापरत होते, कोणाची माळ वडिलांच्या मागे अडगळीत गेली होती, कोणी आपली माळ संग्रहालयाला देऊन टाकली होती. खिडक्यांत नाताळच्या कागदी चांदण्या लागल्या, धक्क्यावर बर्फ धरला, तरी विरजण मिळाले नाही.

कार्ना पुन्हा आली तेव्हा हालवारने नुसती मान हलवली. "सगळा विभाग पालथा घातला, पोरी."

ती खिडकीपाशी गेली. भर दुपारीच अंधारून आले होते आणि पलीकडे दिवे लागले होते.

"समोर विचारलंत?"

"समोर कुठं?"

"तिथे. ते दिवे दिसतायत तिथे."

"तो आपला विभाग नाही," हालवार म्हणाला.

कार्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "हालवार, मी बेटावरची आहे. आमच्याकडे शेजारी पाण्यापलीकडेच असतो. मीठ संपलं तरी होडी काढतात. हा दोरा इथे कोणी बांधला?"

"मीच," हालवार म्हणाला आणि टाचण्यांच्या डबीकडे बघू लागला.

ती नकाशापाशी आली आणि तिने मला एका बोटाने अलगद उचलले. इतक्या वर्षांत मला कोणी असे उचलले नव्हते. माझ्याखाली कागद अजून नव्यासारखा निळा राहिला होता आणि त्या निळ्यात ते नाव होते.

"लीनवीक," तिने वाचले. मग पुन्हा वाचले. "हे नाव मी रोज बघते! सासूबाईंच्या सासूबाईंची लग्नातली पेटी आहे ना, तिच्यावर रंगवलंय. मी तिच्यावर पांघरुणं रचते. मला वाटायचं, बाईचंच नाव असेल."

मार्गित उठून उभी राहिली. "म्हणजे ती लीनवीकची लेक. मग तुमची माळही तिच्याबरोबर आली असणार. त्या पेटीतून, होडीतून!"

हालवार एकेक टाचणी उपसू लागला. "बोगदा झाल्यापासून," तो पुटपुटला, "मी त्या काठाकडे फक्त हवा बघायला बघतो."

मार्गितने मला बोटांभोवती गुंडाळले आणि नकळत कोटाच्या खिशात टाकले. मग गार वारा लागला म्हणून तिने हातही खिशात घातला, आणि तो हात होडीत बसून पलीकडे पोचेपर्यंत तिथेच राहिला. मित्रांनो, मी काही हातमोजा झालो नाही. पण खाली खाडी डुलत होती, कार्नाच्या वल्ह्यांचा आवाज येत होता, आणि डब्यातल्या अंधारात पाहिलेला तो उबदार हात मला घट्ट धरून होता.

लीनवीकच्या धक्क्यावर अन्फिन नावाचा म्हातारा जाळे आवरत होता.

"होवनेसला अजून माणसं राहतात होय?" तो ओरडला. "मला वाटलं, दिवे तसेच चालू ठेवून निघून गेलीत!"

"आम्हाला तुमच्याबद्दल तसंच वाटत होतं," मार्गित म्हणाली.

कार्नाने त्याला सगळे सांगितले, साबणासकट. म्हातारा इतका हसला, की त्याला धक्क्याच्या कठड्यावर बसावे लागले. "मग एवढे दिवस काय करत होतीस? माझ्या लहानपणी आमचं विरजण मेलं होतं. बोक्याने माळ ओढून ओढून मोडली. तेव्हा आजी होडी घालून तुमच्याच घरी गेली होती. म्हणजे हे तुमचंच. आणि त्याच्या आधी तुम्ही आमच्याकडून नेलं, म्हणजे आमचंच. जाऊ दे, चल कोठारात."

कोठार तेच होते. माळ तीच, की तिची लेक, ते मला ओळखता आले नाही. दार उघडले तसा वारा आत आला आणि लाकडावर लाकूड वाजले. अन्फिनने सुकलेल्या खपल्या एका फडक्यात खरवडल्या. "बांधायला काही आहे का?"

मार्गितने खिशातून मला काढले.

आस्लाउगच्या शेतावर, बिअर करायच्या खोलीत, चूल पेटलेली होती. कुबडीवर रेलून तिने माझी गाठ सोडली, फडके नाकाशी नेले आणि डोळे मिटले. बराच वेळ तिने ते उघडलेच नाहीत. मग मोठे भांडे चुलीवर चढवायला मुलाला खूण केली. ज्युनिपरच्या फांद्या उकळल्या, सातूचे गोड पाणी निथळले, पिंपात अंगाइतके कोमट झाले.

तिकडची एक रीत आहे. विरजण पिंपात सोडताना घरच्या बाईने जिवाच्या आकांताने ओरडायचे. ओरडणे मिळमिळीत, तर बिअरही मिळमिळीत. त्या घरात इतकी वर्षे आस्लाउगच ओरडत आली होती. तिने विरजण सोडले आणि मान वळवून सरळ कार्नाकडे पाहिले.

"बघतेस काय? ओरड."

"मी?"

"मग काय कोंबड्या ओरडणार? माझ्या छातीत आता दम नाही. घरच्या बाईनं ओरडायचं असतं."

कार्नाने हळूच "ओ" केले.

"हे काय? मांजराला दूध घालतेयस की काय?"

मग कार्ना ओरडली. इतक्या आठवड्यांचे न बोललेले सगळे त्या ओरडण्यात होते. बाहेर कोंबड्या फडफडल्या, मार्गितने कान झाकले, छपरावरचा बर्फ घसरून खाली आला. आणि सगळे शांत झाल्यावर खाडीपलीकडून, बारीक पण स्पष्ट, कोणीतरी उत्तरादाखल ओरडले. प्रतिध्वनी असेल. अन्फिनही असेल.

"आता लागेल," आस्लाउग म्हणाली.

पिंपाला घोंगडी गुंडाळून सगळी तिथेच जेवायला बसली. भाकरी, वाळवलेले मटण, उकडलेले बटाटे. आस्लाउगने एक बटाटा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "कार्ना, मीठ दे गं."

कार्नाने मीठ दिले.

फेस आल्यावर ती धुतलेली माळ त्यात बुडवली गेली. तिची जुनी दोरी उकळत्या पाण्याने गेली होती. आस्लाउगने मला फडक्यावरून उचलले, ताणून पाहिले, आणि मी इथे, या कोठारात, आलो. आता त्या माळेची राखण कार्नाच करते, आणि कोणी केरसुणी घेऊन इकडे आले की सगळ्यात आधी तीच धावते.

हालवारच्या भिंतीवर नकाशा अजून आहे. खाडीभोवती आता निळा धागा आहे. तो दोन्ही काठांना पोटाशी घेऊन वरून, डोंगरमाथ्यावरून जातो. मित्रांनो, विभाग पाडावे लागतात, त्यात वाईट काही नाही. फक्त ते टाचणीने लावा, खिळ्याने ठोकू नका. आणि कधीतरी धागा बोटाने अलगद उचलून बघा, खाली कोणाचे नाव झाकले गेले आहे का. ऐका, वारा सुटला आहे. माळ वाजेल आता.