जिभेचं वचन

तात्याबांनी टाळ खुंटीला अडकवले आणि लेकीकडं वळले. "गळ्यात माळ आन् नोकरी दारूच्या कारखान्यात? लोकं काय म्हनतील गं?"

"आबा, माळ घालताना बुवांनी माझ्या जिभेचं वचन घेतलं. नाकाचं न्हाई."

"वकीलीन झालीस व्हय!" हसू काही त्यांना दाबता आलं नाही. पण मग ते गंभीर झाले. "एक थेंब जरी जिभेला लागला, तर कीर्तनात माज्या मागं उभी ऱ्हायाचं न्हाई."

"न्हाई लागनार. आन् ही नोकरीबी हातची जाऊ देनार न्हाई."

उत्कर्षा तासगावची, बेदाण्याच्या शेडात वाढलेली. सांगलीला केमिस्ट्री शिकली. साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात स्कॉटलंडची व्हिस्की पिंपांनी येई, ती पारखायला त्यांना माणूस हवं होतं. पहिल्या फेरीत वास ओळखण्यात तिनं सगळ्यांना मागं टाकलं. आज शेवटची फेरी होती.

टेबलावर पाच ग्लास. मुख्य पारखी विश्वजीत सर म्हणाले, "पाचही सिंगल माल्ट, धुराच्या वासाचे. तिकडं दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर जव सुकवतात. यातल्या एका पिंपात खोट आहे. घोट घ्या आणि ओळखा."

"मी पीत नाही, सर. वासावर सांगते."

"अहो, धूर सगळं झाकून टाकतो. आधीचे चौघे उमेदवार पिऊनसुद्धा चुकले."

"म्हणजे पिऊन उपयोग झाला नाहीच की, सर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हात पुढं केला, घ्या बघू.

पहिल्या ग्लासात ओली राख, दवाखान्यातला औषधाचा बोळा, आणि पार मागं कुठंतरी मध. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. नाक धुरानं भरून गेलं, उत्कर्षाला वेगळं काही कळेना. मग तिला आठवलं, कीर्तनात हातावर अत्तर लागलं की आबा लगेच हुंगू देत नसत. "दम धर. आदी त्याला ओसरू दे."

तिनं प्रत्येक ग्लासातले दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, आणि मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेत थांबली. दर वेळी हात धुतला, पुन्हा चोळला. चौथ्याला नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. हा वास तिच्या ओळखीचा होता.

"चौथा. पिंप रिकामं असताना खराब होऊ नये म्हणून देतात ती गंधकाची धुरी जास्त झालीय."

सरांनी उत्तराचं बंद पाकीट फोडलं. चार नंबर. "गंधक कसं ओळखलंत?"

"बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून आम्ही धुरी देतो. एके साली आबांच्या हातून जास्त झाली, सगळा माल परत आला. महिनाभर घरात तोच वास होता."

सरांनी नियमांचा कागद पुढं ओढला. "नियमात चव घेणं आहे, उत्कर्षा."

"मग माझ्या नेमणुकीच्या पत्रात तसं लिहा, सर. 'ही फक्त वास घेईल.' चुकले तर काढून टाका."

त्यांनी एकदा तिच्या माळेकडं पाहिलं आणि पेन उघडलं. 'सहा महिने, केवळ वासावर.'

संध्याकाळी गावी परतल्यावर ती थेट देवळातच गेली. तात्याबांनी तिचे तळहात नाकाशी नेले. "आयला! वल्ली शेनी पेटवल्यागत!"

"तीनदा साबन लावला, आबा. जात न्हाई."

"जिभेला?"

"न्हाई."

त्यांनी पुढं विचारलं नाही. ही पोरगी त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. त्यांनी टाळ तिच्या हातात दिले आणि हळूच म्हणाले, "हाताला जरा बुक्का चोळ. कुनाला वास येनार न्हाई."

"येऊ द्या की. कुनी इचारलं तर सांगीन."

आणि टाळ सावरत ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.