तालमीत न बोलायचं वाक्य

माझा नवरा ऑरिन प्राउटी तेविसाव्या वर्षी म्हातारा झाला. ओहायोतल्या एका फिरत्या नाटक मंडळीत म्हाताऱ्याची कामं करणारा नट ऐन वेळी आजारी पडला आणि मालकाने पेटारे उचलणाऱ्या ऑरिनच्या हनुवटीला दाढी चिकटवून त्याला पुढे ढकललं. तो असा काही खोकला, की पुढच्या रांगेतल्या एका बाईने त्याच्यासाठी काढा पाठवला. झालं. मंडळीत एक नायक, एक खलनायक, एक म्हातारा, असे ठरलेले गडी असत, आणि ज्याची जी खुर्ची ठरली ती मरेपर्यंत ठरली. तेव्हापासून त्याला कुणी तरुण होऊच दिलं नाही. सगळे त्याला आजोबा म्हणत.

मी त्याच मंडळीत मोलकरणींची आणि आगाऊ नातींची कामं करायचे. पहिल्या हंगामात मी त्याची नात होते, दुसऱ्या हंगामात बायको झाले, अर्थात खऱ्या आयुष्यात. रंगमंचावर मी पुढेही नातच राहिले.

मग सिनेमे आले आणि आम्ही कॅलिफोर्नियाला आलो. इथेही तेच. न्यायाधीश, बटलर, गावचा डॉक्टर, अंथरुणावर पडून नायकाच्या हातात हात देणारा बाप. किती सिनेमांत मेला असेल, त्याची गणती नाही. लोकांना त्याचा चेहरा पाठ होता, पण नाव एकालाही ठाऊक नव्हतं. किराणा दुकानात बायका त्याला थांबवून विचारायच्या, "तुम्ही टोलेडोच्या बँकेत होतात ना हो?"

"नाही हो बाई," तो टोपी काढून म्हणायचा.

"अरे, सांग ना सिनेमात असतोस म्हणून!" बाहेर आल्यावर मी चिडायचे.

"त्यांना बँकेतला माणूस हवा होता, डेलिया. उगाच त्यांची निराशा कशाला?"

माझं डोकं फिरायचं ते नावापायी नव्हे. नाव गेलं चुलीत. या माणसाचा आवाज! तो नुसता कुजबुजला तरी सगळ्यात वरच्या सज्जातल्या, सगळ्यात स्वस्त बाकावरच्या माणसाला ऐकू जायचं, आणि त्या माणसाला वाटायचं की हे आपल्या एकट्याला सांगितलं. असा आवाज असलेल्या माणसाला मुक्या सिनेमाने वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवायला लावले. तो बोलायचा आणि मग काळ्या पाटीवर कुणा कारकुनाने लिहिलेलं वाक्य यायचं. त्या पाट्या वाचताना माझा जीव जळायचा.

म्हणून सिनेमा बोलायला लागला तेव्हा सगळ्या हॉलिवूडने डोक्याला हात लावला आणि मी मात्र घरात गाणी म्हणत फिरत होते. देखणे देखणे नायक आवाज शिकवणाऱ्या बायांकडे रांगा लावत होते. एकाचा आवाज तर न वंगणलेल्या बिजागरीसारखा निघाला. 'आता बघतेच,' मी म्हटलं.

आणि खरोखरच काम आलं. वाळवंटातल्या एका आडस्टेशनचा म्हातारा मास्तर. मुलगा युद्धावर गेला तो परतलाच नाही, तरी हा रोज संध्याकाळी फलाटावर कंदील लावून ठेवतो. बाहेरची दृश्यं आवाजाशिवाय आधीच चित्रित झाली होती. ऑरिन त्या वाळूत नाक सोलून घेऊन आला होता. आता स्टुडिओतलं बोलणं राहिलं होतं. त्याचं एक लांबलचक भाषण होतं आणि शेवटी हमाल कंदील विझवायला जातो तेव्हा म्हातारा म्हणतो, "दिवा राहू दे. अजून एक जण यायचाय." बस. सिनेमा तिथे संपतो. अख्ख्या सिनेमाचं शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्याचं!

मी बटाटे सोलायचे आणि तो ते भाषण म्हणायचा. म्हणत म्हणत कंदिलापाशी यायचा, हात वर करायचा आणि म्हणायचा, "वगैरे वगैरे." मी त्याला टोकायचे नाही. मीही त्याच मंडळीतली. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कधी बोलायचं नाही, हे आम्ही मंडळीतल्या पहिल्या दिवसापासून शिकलेलो. नाटक पुरं करायचं ते समोर माणसं बसल्यावर. रिकाम्या खुर्च्यांपुढे पुरं केलंत, तर ते तिथेच संपलं. एकदा एका नवख्या नायिकेने ते वाक्य तालमीत बोलून टाकलं, तर अपशकुन उतरवायला मॅनेजरने तिला तीन वेळा अंगणात गोल फिरवून आणलं होतं.

आवाजाच्या चाचणीला मी ऑरिनबरोबर गेले, डबा घेऊन. दिग्दर्शक ड्वाइट हॅस्केल. पोरगा वाईट नव्हता, पण मोटारींच्या जाहिराती करता करता सिनेमात आलेला. नाट्यगृहाच्या मागच्या दाराने तो जन्मात कधी आत गेला नसेल.

"प्राउटीसाहेब, आधी एक तालीम करू," तो म्हणाला. "सवय होईल तुम्हाला."

ऑरिनने सुरुवात केली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत सुतार काम करत होते. त्यांनी हातोड्या खाली ठेवल्या. एक विजेचा माणूस शिडीवर अर्ध्यातच थांबला. मी डब्याचं झाकण गच्च धरून बसले होते. ऑरिन कंदिलापाशी आला, हात वर केला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "वगैरे वगैरे."

हॅस्केल वाट बघत राहिला. "पुढचं?"

"पुढचं त्या वेळी."

"कुठल्या वेळी?"

"खऱ्या वेळी, सर."

"आठवत नसेल तर फळ्यावर लिहून समोर धरतो ना. लाजू नका. सगळ्यांचं होतं या वयात."

ऑरिनचे कान लाल झाले. "मला पाठ आहे."

"मग म्हणा की!"

"तालमीत म्हणणार नाही." एवढं बोलून माझ्या नवऱ्याने तोंडात जी मिठाची गुळणी धरली ती धरली. मी उठून सांगायला निघाले होते, पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसले. आपल्या धंद्याच्या गोष्टी बाहेरच्यांना समजावत बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मग काचेमागे बसून आवाज टिपणाऱ्या माणसाचं यंत्र बिघडलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

बिघडलं, पण उशिरा. आमची तालीम त्याने आधीच टिपून घेतली होती. हॅस्केलला वाटलं, एवढं छान झालंय तर चाचणी म्हणून हेच पाठवू. वरच्या साहेबांनी ऐकलं. इतकं सुंदर भाषण, मग "वगैरे वगैरे", मग शांतता, मग आठवत नाही का म्हणून विचारणारा दिग्दर्शक. साहेबांनी निकाल दिला, की म्हाताऱ्याची स्मरणशक्ती गेली. पण वाळवंटात एवढा खर्च झालेला, तो चेहरा कसा टाकणार? तेव्हा चेहरा ऑरिन प्राउटीचा ठेवायचा आणि आवाज लाइल बेनिंग नावाच्या रेडिओवरच्या निवेदकाचा घ्यायचा. ऑरिनने समोर उभं राहून ओठ हलवायचे.

ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टोपी चढवली आणि थेट हॅस्केलच्या खोलीत घुसले. सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीत खाली खाली गेला.

"अहो बाई, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही विचारलंत? नाटकातल्या माणसाला बोलावता आणि तालीम चोरून टिपता?"

"चोरून नाही हो... मला वाटलं चांगलं झालंय, वाया कशाला घालवा." त्याने कपाळ चोळलं. "मी त्यांना सांगून बघतो. पण बेनिंगशी करार झालाय. माझ्या हातात काही नाही."

"मग कशाला बसलाय त्या खुर्चीवर?" मी म्हटलं. त्याने वर सांगून बघितलंही. वरचे हसले म्हणे.

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले आणि ऑरिन बूट पुसत बसला.

"तू जायचंच नाहीस!"

"मी गेलो नाही तर सगळ्यांचं वाळवंटातलं काम फुकट जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात! तुझं आयुष्य फुकट गेलं त्याचं काय?"

तो बूट पुसायचा थांबला. मला वाटलं, जास्तच बोलले. मग मी त्याच्या शेजारी बसले आणि खालच्या आवाजात म्हटलं, "बरं, जा. पण कंदिलापाशी आलास की मोठ्याने म्हण. आता तालीम नाही, खरी वेळ आहे. तुझा आवाज त्या यंत्रात एकदा गेला ना, तर वरच्यांनाही कळेल कुणाला ठेवायचं ते."

त्याने बूट उजेडात धरून पाहिला. "बघू," म्हणाला. ऑरिनच्या तोंडून 'बघू' म्हणजे जवळजवळ होच. मी आनंदाने अंडी तळली.

त्या दिवशी लाइल बेनिंग काळ्या पडद्याआड मायक्रोफोनपाशी उभा होता. तिशीचा, गुळगुळीत, खोकल्याची गोळी चघळणारा. त्याने ऑरिनला अगदी वाकून नमस्कार केला, त्यामुळे त्याचा धड रागही करता येईना. मी तारांच्या भेंडोळ्यामागे उभी राहिले. कॅमेरा फिरू लागला. पडद्यामागून ते भाषण आलं, साखरेच्या पाकात बुडवलेलं, आणि पुढे ऑरिनचे ओठ त्याच्याशी तंतोतंत हलत होते. हमाल कंदिलाकडे गेला. ऑरिनने हात वर केला.

त्याने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखते. पोटापासून वर येणारा, त्याच्या मागोमाग आवाज यायचाच. बोल, मनात म्हटलं, बोल रे आजोबा, बोल.

त्याचं तोंड उघडलं. "दिवा राहू दे," बेनिंग म्हणाला. "अजून एक जण यायचाय." ऑरिनच्या घशातून हूं की चूं नाही. कॅमेरा थांबला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

ट्राममध्ये मी त्याला विचारलं, "का?"

"दुसऱ्याच्या वाक्यावर मी कसं बोलणार, डेलिया?"

"दुसऱ्याचं? ते तुझं होतं!"

"होतं. पण त्यांनी त्याला दिलं ना? दिलं ते त्याचं." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. अशा माणसाशी काय भांडायचं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान आवाज तरी करते.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. शेवटच्या वाक्याला थिएटरमध्ये नाकं शिंकरल्याचे आवाज आले. एका वर्तमानपत्राने लिहिलं की असा वृद्ध, अनुभवाने पिकलेला स्वर फार वर्षांनी ऐकला. बेनिंगचं नाव कुठेच नव्हतं, तसा करारच होता. पहिल्यांदाच पाटीवर आमचं नाव ठळक आलं. लोक ऑरिनला रस्त्यात थांबवू लागले. आता टोलेडोच्या बँकेचं कुणी विचारत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी आमच्या चाळवजा बंगल्यांच्या अंगणात शेजारी जमले. समोरच्या मिसेस ऑस्ट्रँडर पीचचा केक घेऊन आल्या. मनाने फार चांगली बाई. खुर्च्या मांडल्या, लोक बसले.

"काय हो प्राउटी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आमच्या दारासमोर राहता आणि असला आवाज आमच्यापासून लपवून ठेवलात? एकदा म्हणा ना ते दिव्याचं! म्हणाच!"

"म्हणा, म्हणा," सगळे ओरडले.

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. मग खुर्च्यांकडे बघितलं. खुर्च्या भरलेल्या होत्या. तो उठला, बंडी खाली ओढली, हात वर केला. तो श्वास घेतला.

"दिवा राहू दे," माझा नवरा म्हणाला. "अजून एक जण यायचाय."

इतक्या महिन्यांत मी ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काही जोर नाही, काही पाक नाही. विझवायला पुढे झालेल्या माणसाचा हात आपोआप मागे यावा, इतकंच. ज्या मुलाला मी कधी पाहिलं नाही, तो येणार असं मला वाटलं आणि तो येणार नाही हेही कळलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मिसेस ऑस्ट्रँडरनी मान एका बाजूला कलती केली. "छान," त्या म्हणाल्या. "पण सिनेमात जास्त भारी वाटतं, नाही?"

"तो आवाज ह्याचा नाहीच!" मी किंचाळले. "पडद्यामागे दुसराच माणूस होता! आत्ता ऐकलात तो ह्याचा!"

मिसेस ऑस्ट्रँडर खदखदून हसल्या. "डेलिया, तुम्ही म्हणजे ना! अहो, ओठ हलताना आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितले!"

सगळे हसले. ऑरिनने टोपी काढली. "यंत्राची करामत असते हो बाई," तो म्हणाला, आणि खाली बसून त्याने केकसाठी बशी पुढे केली.