घर नंबर चौऱ्याहत्तर

समजा, एका सकाळी तुमच्या शाळेतले सगळे बाक भिंतीशी रचून ठेवले आहेत. फळ्यावर परवाचं गणित अर्धवट राहिलंय आणि प्रयोगशाळेत मुलांच्या जागी शत्रूचे तीन सैनिक कैद आहेत. आलं डोळ्यांसमोर? आता दाराशी उभी असलेली दहा वर्षांची मुलगी बघा. घरी तिला चिमणी म्हणतात, पण आज तिच्या कपाळावर आठ्यांचं जाळं आहे. तिचा दादा एकोणीस दिवसांपूर्वी पुलावरच्या लढाईत पलीकडच्यांच्या हाती सापडला. तो जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

खिडकीबाहेर गर्दी उसळली होती. "बाहेर काढा त्यांना! बघू दे तरी!" कुणीतरी मोबाइल उंच धरला. पहाऱ्यावरच्या हवालदाराने खिडकी धाडकन लावून घेतली.

"कैद्यांचा तमाशा करायचा नाही. नियम आहे."

"नियम? जावई लागतात का तुमचे?" बाहेरून आवाज आला आणि पाठोपाठ दगड.

आत चिमणीची मावशी रजिस्टर उघडून बसली होती. ती याच शाळेतली शिक्षिका. लढाईत पकडलेल्या प्रत्येकाला घरी एक कार्ड पाठवायचा हक्क असतो. मी जिवंत आहे, अमुक ठिकाणी आहे, एवढं कळवायला. ती कार्डं न्यायला मदतसंस्थेची गाडी थोड्याच वेळात येणार होती. दोघांनी आपापली लिहिली. तिसऱ्याचे दोन्ही हात भाजलेले, कोपरापर्यंत बँडेज.

"चिमणे, तुझं अक्षर चांगलं आहे. हा सांगेल ते लिही."

"ह्याच्यासाठी? हा मेला तरी लिहिणार नाही!"

"मेला तर लिहायचं कामच उरणार नाही. बस खाली."

कैदी घसा खाकरून म्हणाला, "बाळ, आईला लिही..."

"मी तुझी बाळबीळ नाही. पत्ता सांग."

"पाण्याच्या टाकीमागची गल्ली. घर नंबर चौऱ्याहत्तर."

चिमणीने कार्ड स्वतःकडे तिरकं धरलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात सत्तेचाळीस लिहिलं. बसू दे ह्याच्याही आईला वाट बघत, आमच्यासारखं! तिला मनातून बरं वाटलं. तेवढ्यात आणखी एक दगड काचेवर आपटला. मावशीने कार्ड न वाचताच पिशवीत टाकलं.

गाडी आली. धुळीने माखलेला ड्रायव्हर पिशवीचं तोंड बांधत होता.

"काका, आमच्या दादाचं काही आलंय?"

त्याने यादी दोनदा पाहिली. "नाही गं. पण धीर सोडू नकोस. पत्ता चुकला की कार्ड दारोदार हिंडत बसतं."

"पत्ता कोण चुकवतं?"

"लिहिणारा. घाईगडबडीत."

पिशवी घेऊन तो बाहेर पडला. चिमणी जागच्या जागी खिळली. तिने कुठे घाई केली होती? पलीकडेही अशीच एखादी खोली असेल. दादाचेही हात भाजले असतील तर? आणि त्याच्यासमोर तिच्यासारखंच कुणी दात-ओठ खात बसलं असेल तर?

ती कैद्याकडे वळली. "तुझ्यासाठी नाही हं," एवढंच म्हणाली आणि पळत सुटली.

फाटकाशी लोक गाडीचा पत्रा बडवत होते. "काका, थांबा! पिशवी सोडा, पत्ता चुकलाय!"

"कुणाचा?" शेजारच्या काकूंनी तिचा दंड धरला. "भाऊ तिकडे सडतोय आणि ही त्यांची टपालं पोचवतेय! लाज आहे का?"

चिमणीने दंड हिसकून सोडवला. ड्रायव्हरने कार्ड काढून दिलं. ते तिने गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवलं, सत्तेचाळीसवर काट मारली आणि शिव्या ऐकत ऐकत चौऱ्याहत्तर लिहिलं. आधी आकड्यात, मग अक्षरातही.