चॉकलेटच्या चकल्या

मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. गाझियाबादेत एका फ्लॅटच्या माळ्यावर, टेबलफॅनच्या रिकाम्या खोक्यात माझा मुक्काम असतो. सोबतीला कूलरची जाळी आहे आणि एक फाटकी रजई आहे. दोघींनाही बोलायची सवय नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

मित्रांनो, चकली तुम्ही पाकिटातूनच खात असाल तर आधी माझी ओळख करून घ्या. माझं अंग म्हणजे एक पोकळ नळकांडं. खाली चांदणीच्या भोकाची चकती, वर फिरकीचा दांडा आणि त्याला आडवी मूठ. आत पीठ भरायचं, डाव्या हाताने मला घट्ट धरायचं आणि उजव्या हाताने मूठ फिरवायची. चांदणीतून काटेरी दोरी उतरते, ती गोल गोल वळवली की झाली चकली. ऐकायला सोपं आहे. पण भाजणी घट्ट भिजली असेल तर भल्याभल्यांची मनगटं रडकुंडीला येतात.

माझं पितळ पानिपतावर हरवलेल्या एका तोफेचं आहे. मला घडवणारा कऱ्हाडचा तांबट सांगायचा, की एक फुटकी समई आणि दोन नळ वितळवून त्याने मला ओतलं. पण त्याला दुपारी डुलकी लागायची. नेमकी तेव्हाच तोफ आली असणार. माझी मालकीण शेवंता, तिच्या आईने मला विकत घेतलं आणि लेकीच्या रुखवतात अगदी पुढे मांडलं. त्या दिवशी नवरदेवाकडे कुणी पाहिलंच नाही, सगळे माझ्याकडेच पाहत होते, असं मला पक्कं आठवतं.

नवरदेव म्हणजे मारुतराव, पलटणीतले हवालदार. त्यांच्या काळ्या ट्रंकेत बसून मी दिल्लीच्या छावणीत आलो. तिथली थंडी काय सांगू! खोबरेल तेल बाटलीतून निघायचं नाही, बाटली फोडून तेलाचा गोळा किसणीवर किसावा लागायचा. पण दिवाळीला मारुतराव रजेवर आले, की माझ्या अंगात ऊब यायची. शेवंता भाजणी मुद्दाम घट्ट भिजवायची.

"तुम्हीच फिरवा बाई, माझ्या मनगटात एवढा जोर नाही," ती म्हणायची.

"पलटणीत तोफा, घरी सोऱ्या. मला रजा म्हणून कधी मिळायचीच नाही," मारुतराव म्हणायचे आणि मूठ धरायचे.

तो हात मी विसरणार नाही. पाचही बोटं मुठीवर बसली, की मला वाटायचं आता आपण विरघळणार. एकदा त्यांनी इतक्या जोरात फिरवलं, की चकलीचं शेपूट कढईतून निघून दारातून बाहेर गेलं, क्वार्टरांच्या रांगेला वळसा घालून परत आलं आणि मगच तुटलं. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं मानावं.

मग मारुतरावांची बदली वर झाली, बर्फात. तिथे बायका-मुलांना नेता येत नाही. शेवंता आणि लहानगी लेक शिवांजली दिल्लीतच राहिल्या. वर जवानांना रेशनमध्ये चॉकलेटं मिळतात. पण त्या उंचीवर माणसाची भूकच मरते, चॉकलेट पाहिलं तरी नको होतं. मारुतराव आपल्या वाटणीची साठवून ठेवत आणि रजेवर येताना पिशवी भरून आणत. शिवांजली चॉकलेटवेडी. जेवण नको, दूध नको, चॉकलेट दाखवा की पोरगी हजर. खाऊन झाल्यावर चांदीचे कागद नखाने सपाट करून पुस्तकात ठेवायची.

"पप्पा, एवढी चॉकलेटं कुठून आणता?" तिने एकदा विचारलं.

"वर एक झाड आहे चॉकलेटचं," मारुतराव म्हणाले. "पण थंडी नावाची एक म्हातारी त्याची राखण करते. तिचा डोळा लागला, की मी हळूच हात घालतो आणि तोडतो."

"आणि ती उठली तर?"

"तर हात धरते."

"मग?"

"मग काय, मी ओढून घेतो. माझा हात काय असातसा आहे का?"

थापांची पारख मला आहे, मित्रांनो. ही थाप एक नंबरची होती. शिवांजली तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि दाताला लागलेलं चॉकलेट चाटायलाही विसरली होती.

त्या वर्षांत दिल्लीत रोज काहीतरी नवं उघडत होतं. टीव्हीवर परदेशी चॉकलेटांच्या जाहिराती, बाजारात काचेची दुकानं. अशाच एका दुकानात शिवांजलीला एक केक दिसला. गोळ्या-चॉकलेटांनी मढवलेलं घरच होतं ते. काचेला नाक लावून ती हटूनच बसली. "मम्मी, बर्थडेला मला बिल्कुल असाच हवा."

छावणीत बायकांसाठी केकचा वर्ग चालायचा, तिथे शेवंता कुकरमध्ये वाळू घालून केक भाजायला शिकली होती. वरची नक्षी काढायला वेगळी नळी लागते. ती तिच्याकडे नव्हती, मी होतो. पहिल्या खेपेला तिने माझ्यात लोणी-साखर भरली आणि केक शेजारच्या भानुमतीला चाखायला दिला. भानुमतीने घास घेतला, जरा विचारात पडली आणि म्हणाली, "शेवंता, केक मस्त झालाय गं. वरून थोडी कोथिंबीर हवी होती."

इतक्या वर्षांच्या चकल्यांचा हिंग-ओवा माझ्या हाडात मुरलेला. मग चिंच, लिंबू, उकळतं पाणी, ऊन, असे माझे हाल झाले. शेवटी मी इतका निर्मळ झालो, की माझा मलाच वास येईना.

त्या दिवाळीला मारुतराव आले तेव्हा बापलेकीचा करार ठरला. केकच्या कडेने चॉकलेटच्या चकल्या हव्यात आणि त्या पप्पांनीच पाडायच्या. "जानेवारीत वाढदिवसाला येतोच," मारुतराव म्हणाले. "आईला हात लावू देऊ नकोस. त्या चकल्या माझ्या."

जानेवारीच्या आधीच ते खाली आले, पण घरी नाही. छावणीतल्या इस्पितळात. उजव्या हाताला बर्फ लागला होता. अंगठा वाचला, बाकीची बोटं काळी पडली आणि काढावी लागली. शेवंता रोज डबा घेऊन जायची आणि घरी येऊन शिवांजलीला सांगायची, पप्पांना ड्यूटी आहे. मग माझ्यापाशी स्वयंपाकघरात उभी राहून नळ मोठा सोडायची, म्हणजे हुंदका ऐकू जायला नको.

वाढदिवसाच्या सकाळी मारुतराव घरी आले. दोन्ही हातांत लोकरी मोजे. उजव्या मोज्याच्या बोटांत कापूस भरलेला. दिल्लीची थंडी असल्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

"किती दिवस मोजे घालणार आहात?" शेवंताने हळूच विचारलं.

"उन्हाळा येईपर्यंत."

"आणि मग?"

"मग बघू. आज तिला काही कळू द्यायचं नाही. तिचा दिवस आहे."

दुपारभर शेवंताने केक सजवला. इंग्रजी गोष्टीत असतं तसलं गोळ्यांचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं, दुकानातला केकही एकदाच, तोसुद्धा लेकीला ओढता ओढता. म्हणून तिला माहीत होतं तसं घर तिने केलं. संत्र्याच्या गोळ्यांची कौलं, वेफरच्या भिंती, दारात रंगीत चॉकलेट-गोळ्यांची ठिपक्यांची रांगोळी, आणि अंगणात टॉफ्यांचं तुळशीवृंदावन. लॉलीपॉपची झाडं मात्र जरा वाकली. आजवर मी बरंच काही वाढवून सांगितलं, पण त्या केकचं आहे तेवढंच सांगतो. तो सुंदर होता. फक्त कडेची जागा रिकामी होती. कोको घातलेलं लोणी माझ्यात भरून शेवंताने मला टेबलावर उभं केलं. तिला वाटलं, काहीतरी निमित्त काढून आपणच चकल्या पाडू.

मुलं जमली. टोप्या घातल्या. आणि शिवांजलीने मला उचलून बापासमोर धरलं.

"पप्पा, चलो. तुमच्या चकल्या."

"आई पाडेल गं. माझे हात गारठलेत."

"नाही. तुम्ही प्रॉमिस केलं होतं. आईला मी हातसुद्धा लावू दिला नाहीये."

"शिवा, हट्ट करू नकोस," शेवंता म्हणाली.

"हट्ट कुठे? ते स्वतःच म्हणाले होते."

मारुतरावांनी मला घेतलं. त्यांना वाटलं असेल, एखादी तरी पडेल. नेहमीसारखं डाव्या हाताने अंग धरलं आणि उजवा हात मुठीवर ठेवला. मित्रांनो, मी तो हात ओळखला नाही. मुठीवर अंगठा आला आणि त्यापुढे नुसता कापूस. त्यांनी दाब दिला. कापूस दबला, मूठ हलली नाही. मी जीव खाऊन सैल व्हायला पाहिलं, पण पितळाला सैल होता येत नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, मी निसटलो आणि थेट घरावर पडलो. कौलं फुटली, रांगोळी विस्कटली, वृंदावन माझ्या खाली गेलं.

मुलं आधी हसली. शिवांजलीही हसली. मग तिला दिसलं, की लोकरी मोजा लोण्यात रुतून माझ्याबरोबरच खाली आला होता.

ती पुढे आली आणि त्या हाताकडे बघत राहिली. रडली नाही. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "म्हातारी उठली होती?"

तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मारुतरावांनी हात अंगावरच्या शालीखाली घेतला आणि म्हणाले, "केक खा बाळा."

शेवंताने मोडकं घर बशीत वाढलं. शिवांजलीने बशी खाली ठेवली. "मला नको," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुस्तकातले चांदीचे कागदही तिने बाहेर टाकून दिले. शेवंताला वाटलं, पोरगी घाबरलीय, चार दिवसांत विसरेल.

मित्रांनो, ती विसरली नाही.

मारुतरावांना पलटणीतून घरी पाठवलं गेलं. गाझियाबादेत शेतं बुजवून टॉवर उभे राहत होते, तिथल्या एका फाटकावर ते सिक्युरिटीत लागले. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी केकचं खोकं जायचं आणि ते डाव्या हाताने फाटक उघडायचे. मला कुणी खाली काढेना. चकल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्टॉलवरून यायला लागल्या. माझ्याकडे पाहिलं की तो दिवस आठवायचा, म्हणून मला आधी कपाटाच्या मागे ठेवलं, मग माळ्यावर. मी हिरवा पडलो.

शिवांजली मोठी झाली, नोएडात नोकरीला लागली. झाड वगैरे काही नसतं, हे तिला केव्हाच कळलेलं असणार. पण चॉकलेटं कुणासाठी साठवली जात होती, तेही कळलेलं असणार. गेल्या जानेवारीत ऑफिसच्या मैत्रिणी गोळ्यांनी भरलेला मोठा चॉकलेट-केक घेऊन घरी आल्या. तिने कापला, सगळ्यांना भरवला आणि स्वतःची बोटं रुमालाला पुसली.

"अरे यार, तू नहीं खाएगी?" कुणीतरी विचारलं.

"मुझे पसंद नहीं," ती हसून म्हणाली.

मारुतराव कोपऱ्यात बसले होते. माळ्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता.

त्यानंतरच्या एका दुपारी घरी कुणी नसताना त्यांनी मला खाली काढलं. मला गुडघ्यांत धरून डाव्या हाताने चिंच चोळू लागले. आणि चोळता चोळता बोलू लागले, माझ्याशी.

"रेशन होतं ते. सगळ्यांनाच मिळायचं. खात कुणी नव्हतं, मी घेऊन यायचो, एवढंच. माझा मोजा भिजला होता आणि पहारा सोडता येत नव्हता. बोटं त्यात गेली. त्यात तुझं काही नाही, पोरी."

दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा सरळ जमलं. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. शिवांजली लवकर आली होती. दारातच थांबून तिने गुडघ्यांत धरलेल्या मला पाहिलं, चिंचेने माखलेला डावा हात पाहिला.

"एका हाताने काय घासताय पप्पा? द्या इकडे."

ती जमिनीवर बसली आणि मला घासू लागली. बाप समोर. मी दोघांच्या मध्ये. मारुतरावांचे ओठ हलले. मी वाट पाहिली.

"पितळ फार काळं पडलं होतं," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. मला पुसून कोरडं केलं आणि स्टुलावर चढून खोक्यात ठेवून दिलं.

आता मी लख्ख आहे, मित्रांनो, आणि माळ्यावरच आहे. तुमच्या घरातली जुनी भांडी जरूर घासा, त्यांना हिरवं पडू देऊ नका. पण कुणाला काही सांगायचं राहून गेलं असेल, तर ते भांड्यांना सांगत बसू नका. आम्ही सगळं ऐकून घेतो आणि ते आमच्याजवळच राहतं. पलीकडच्या खोलीत ती मुलगी बसलेली आहे. उठा, आणि तिला जाऊन सांगा.