सासूबाईंनी पाहिलेलं जनावर

नामिबच्या वाळवंटात टांगेनीसारखा वाटाड्या दुसरा नाही, असं स्वाकोपमुंडला येणारे जर्मन पाहुणे म्हणत. पण उत्तरेकडून, ओंडांग्वाहून आलेल्या त्याच्या सासूबाईंनी जावयाच्या धंद्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून या खेपेला त्याने त्यांनाच गाडीत घातलं.

सकाळच्या धुक्यात तो वाळूच्या टेकडीवर पालथा पडला. "आई, हा किडा बघा! डोकं खाली, बूड वर करून उभा आहे. पाठीवर धुकं जमतं, ते ओघळून थेट तोंडात! असा पाणी पितो हा!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

मग हजार वर्षं जगलेलं, दोनच पानांचं झाड दाखवून झालं. "हजार वर्षांत दोन पानं? आमची बाजरी तीन महिन्यांत याहून जास्त काम करते." समुद्रकाठी सीलांचे कळपच्या कळप लोळत होते. "एवढी चरबी, आणि कोणी खात नाही?" फ्लेमिंगो पाहून तर त्यांनी जांभईच दिली. बोलून बोलून टांगेनीचा घसा बसला.

संध्याकाळी घरी लेकीने, हिल्याने विचारलं, "काय काय पाहिलंस गं आई?"

"बूड वर करून, तोंड वाळूत खुपसून किड्याचं कौतुक करणारं एक जनावर पाहिलं. फार गरीब आहे गं, चावत नाही." सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "पण तू तुझी नर्सची नोकरी सोडू नकोस."