काढेल तोच लावेल

माझ्या गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, एवढं मोठं मशीन असताना लाकडात खाच पाडायला पटाशी कशाला घेऊन बसता? मी म्हणते, माझी मर्जी. राग माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. आज मात्र सांगते.

तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर सुतारकामाला लागले. स्टुलं, मांडण्या, नातीचा पाळणा. हातकरवतीने नाकी नऊ आले तेव्हा जुना टेबल सॉ शोधायला लागले. लोखंडी पेटी, तिच्यावर ओतीव लोखंडाचं टेबल आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं. एका मिस्त्रीला त्याचा विकायचा आहे असं कळलं, म्हणून भर दुपारी त्याच्याकडे गेले.

मिस्त्री साठीचा, ठेंगणा, खांद्याने भक्कम. वर्कशॉप इतकं नीटनेटकं की मला तो माणूस लगेच आवडला. माझंही चुकतं कधी कधी. प्रत्येक हत्यार आपापल्या खिळ्याला, आणि सुटे भाग फडक्यात गुंडाळून तांब्याच्या तारेने बांधलेले. तारेला तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. मी पाच-सहा पुडकी निरखून पाहिली, सगळीकडे तीनच.

"कामाची वस्तू फेकू नये," मिस्त्री म्हणाला. "आमच्या बापाची शिकवण."

दारापाशी त्याचा मुलगा बसला होता, तिशीतला. डाव्या हाताने खुर्चीच्या पायाला पॉलिश लावत होता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक. कपाळावर भुवईपासून केसांत गेलेला व्रण. असले टाके घालणाऱ्याला मी थिएटरात पाऊल टाकू दिलं नसतं.

माझी नजर कुठे गेली ते मिस्त्रीने हेरलं. "ह्याच मशीनवर झालं. पण मशीनचा काही दोष नाही हं ताई. लक्ष कुठं होतं साहेबांचं, कोण जाणे."

मुलाचा ब्रश तेवढा थांबला.

मी मशीन तपासायला आले होते, घर तपासायला नाही. पातं धरून हलवून पाहिलं, खडखड नव्हती. मापपट्टी सरळ, टेबल सपाट. हिरवं बटण दाबून चालू केलं तर आवाज एकसारखा. लाल दाबून बंद केलं तरी पातं फिरतच राहिलं.

"जड आहे," मिस्त्री कौतुकाने म्हणाला. "थांबायला अर्धं मिनिट घेतं."

"आणि पात्यामागची पट्टी?"

पात्याच्या मागे, पात्याला चिकटून एक उभी लोखंडी पट्टी असते. कापलेली फट ती मिटू देत नाही. ती नसली तर लाकूड मिटतं, पात्याला चिमटतं आणि पातं ती अख्खी फळी उचलून समोरच्या माणसावर फेकतं. बरोबर त्याचा हातही ओढून नेतं.

"ती ह्यानेच हरवली," मिस्त्री म्हणाला. "खाच पाडताना लाकूड आरपार कापायचं नसतं, मग पट्टी मधे येते, काढावी लागते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, काढेल तोच लावेल. पुढच्याला बघायला लागत नाही. साहेबांनी काढली, लावली नाही, वर कुठं टाकली तेही ठाऊक नाही."

"आठवत नाही मला," मुलगा म्हणाला. तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. "फळी कपाळात बसली, मावशी. त्या दिवसाची सकाळच गेली डोक्यातून. बाबा सांगतात ते खरं. दोन वर्षं झाली, रोज आठवून बघतो, कुठं ठेवली असेल मी. बायको विचारायची, असं कसं विसरलास? आता ती माहेरी असते."

"झालं ह्याचं रडगाणं सुरू," मिस्त्री म्हणाला.

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मला तेव्हाच वाटलं होतं. त्याऐवजी गुडघे टेकून मी पेटीचं बाजूचं दार उघडलं, मोटरचा पट्टा बघायला.

"खाली कशाला हात घालता, ताई? भुसा आहे नुसता."

"माणसांच्या पोटात हात घातलेत मी. भुशाचं काय घेऊन बसलात?"

तो पुढे आला आणि त्याने दार धरलं. "गिऱ्हाईक वरून बघतं."

"मी खालून बघते."

कोपरापर्यंत हात घातला. मोटरच्या मागे, दडपून बसलेल्या भुशात, काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं. तेलकट फडक्यातलं पुडकं, वर तांब्याची तार. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं.

मुलगा उठून जवळ आला होता. त्याने माझ्या हातातून ते घेतलं आणि दातांनी तार सोडली. आत पट्टी होती आणि तिचे दोन बोल्ट, गंजू नयेत म्हणून ग्रीस लावलेले.

"बाबा."

"चांगली वस्तू होती," मिस्त्री म्हणाला. "फेकवेना."

नदीत भिरकावली असती तर जन्मात कोणाला कळलं नसतं. पण कामाची वस्तू टाकायला त्याचा हात धजला नाही. मुलाला टाकायला धजला होता.

मुलाने ती पट्टी सरळ बापाच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात टेबलावर टणकन पडला. मिस्त्री मागे गेला, खिळ्यावरचा लोखंडी गुण्या हाताला लागला आणि तो त्याने मुलाच्या गालावर आडवा ओढला. कानापासून हनुवटीपर्यंत गाल उघडला. मुलगा ओरडलासुद्धा नाही. त्याने बापाच्या छातीत डोकं घातलं, दोघे फळ्यांच्या ढिगावर आदळले, ढीग कोसळला. मी मुलाची कॉलर धरली तर त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि मी जमिनीवर.

वर बघते तो मुलाने बापाला टेबलावर उपडा पाडला होता. डाव्या हाताने मान, आणि अंगठा-करंगळीच्या चिमट्यात बापाचं उजवं मनगट. दोन बोटांत एवढं बळ मी कधी पाहिलं नव्हतं. गुडघ्याने त्याने हिरवं बटण दाबलं.

"कोणी काढली?"

"तूच…"

मनगट वीतभर पुढे सरकलं. "कोणी काढली?"

लाल बटण मुलाच्या मांडीखाली होतं. मी रांगत भिंतीपर्यंत गेले आणि प्लग उपसला. मोटरचा आवाज गेला, पात्याचा नाही.

मुलाने ते ऐकलं. मशीन तो माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होता. "अजून अर्धं मिनिट आहे, बाबा," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे ढकलला.

रक्ताची एक बारीक रेघ माझ्या मागच्या भिंतीवर उडाली. मिस्त्री किंचाळला. "मी काढली! मी! चाळीस ड्रॉवरच्या खाचा होत्या, ट्रक दारात उभा होता! म्हटलं जेवून येऊन लावू! दोन मिनिटं नव्हती रे माझ्याकडे, दोन मिनिटं!"

मुलाने हात सोडला. पातं आणखी थोडं फिरलं आणि थांबलं. मिस्त्रीच्या मधल्या बोटाचं टोक नखासकट गेलं होतं. मी माझी ओढणी फाडायला घेतली, तर मुलगा मधे उभा राहिला. त्याच्या गालातून आतले दात दिसत होते. मला त्याची भीती वाटली आणि त्याच वेळी तो बरोबर आहे असंही वाटलं. हे दुसरं मला अजून छळतं.

त्याने पट्टी, बोल्ट आणि पाना बापापुढे ठेवले.

"लावा."

"हात बघ माझा…"

"काढेल तोच लावेल. लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, घड्याळ बघा."

नाडी मोजायची सवय, घड्याळ माझ्या मनगटावर असतंच. मी बघितलं. मिस्त्रीने पट्टी खाचेत उतरवली. बोल्ट रक्ताने निसटला, त्याने तो भुशातून शोधून उचलला, पुन्हा बसवला. दुसरा बोल्ट. पाना फिरवला, एकदा, दोनदा, आणि सवयीने पट्टी हलवून पाहिली. घट्ट होती.

"किती?" मुलाने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पाच मिनिटं म्हटलं असतं तर बापाची सबब तरी टिकली असती. पण गेली दोन वर्षं त्या घरात खोटंच चाललं होतं.

"पन्नास सेकंद," मी म्हणाले.

मुलाने मान हलवली.

"आणि तेही कापलेल्या हातानं," तो म्हणाला.